मोठ्या फिल्मसाठी डार्करूमचे ट्रे : नाशकात काय मिळतं, काय करून घ्यावं लागतं

१४×१७ इंचाची फिल्म पहिल्यांदा हातात घेतली की लक्षात येतं, घरातलं एकही भांडं तिच्या मापाचं नाही. कॅमेऱ्याचा सांगाडा सुताराकडून झाला, लेन्स जुनी मिळाली, फिल्म एक्स-रेची घेतली आणि मग प्रश्न आला की ही धुवायची कशात? मी स्वयंपाकघरातली मोठी परात उचलली. बायकोने परातीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहिलं आणि परात परत जागेवर गेली. तिचं बरोबरच होतं. एकदा हायपो (फिल्मवरचं चित्र पक्कं करणारं रसायन, त्यालाच फिक्सर म्हणतात) लागलेलं भांडं पुन्हा खाण्याच्या कामाला लावायचं नसतं, मग ते कितीही घासा.

त्यानंतरच्या चार वर्षांत मी लाकडाचे, ॲक्रिलिकचे, स्टीलचे आणि पॉलिप्रॉपिलीनचे ट्रे वापरून पाहिले. एक फुटला, एक गळला, दोन अजून रोज वापरात आहेत. फोटोग्राफीच्या दुकानात या मापाचे ट्रे शोधण्यात माझे सहा महिने वाया गेले. आपल्याकडे द्राक्षबागा आहेत, शेततळी आहेत, प्लेटिंगची शेड आहेत, औषधांचे कारखाने आहेत. ट्रेचं सगळं सामान या धंद्यांकडे आधीपासून पडलेलं आहे, त्यावर ‘फोटो ट्रे’ असं लिहिलेलं नाही एवढंच.

आधी माप, मग मटेरियल

फिल्मच्या चारही बाजूंना तीन-तीन सेंटिमीटर जागा सोडायची. बोटं आत जायला हवीत आणि फिल्म थोडी सरकायलाही हवी. १४×१७ इंच म्हणजे साधारण ३५.५×४३ सेंमी, तर ट्रेचं आतलं माप ४२×५० सेंमी. २०×२४ इंच म्हणजे ५१×६१ सेंमी, तर ट्रे ५७×६७ सेंमी. यापेक्षा मोठा ट्रे केला की रसायनाचा खर्च वाढतो.

हिशेब सोपा आहे : लांबी × रुंदी × द्रावणाची खोली, सगळं सेंटिमीटरमध्ये, भागिले १०००, की लिटर आले. दोन सेंटिमीटर द्रावण धरलं तर ४२×५० च्या ट्रेला ४.२ लिटर लागतं. ५७×६७ ला साडेसात लिटरहून थोडं जास्त. आणि या मोठ्या ट्रेमध्ये नुसतं अर्धा सेंटिमीटर जास्त ओतलं की जवळजवळ दोन लिटर डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उठवणारं रसायन, वाढला. मेटॉल आणि हायड्रोक्विनोन स्वतः तोलून डेव्हलपर बनवणाऱ्याला हा अर्धा सेंटिमीटर खिशात जाणवतो.

गोल भांड्याचा मोह म्हणूनच सोडून द्या. १४×१७ चा कर्ण २२ इंच, म्हणजे सपाट तळ निदान ५८ सेंमी व्यासाचा हवा. त्यात दोन सेंटिमीटर द्रावण म्हणजे सव्वापाच लिटर. २०×२४ साठी हाच हिशेब साडेदहा लिटरवर जातो. शिवाय परातीचा तळ कधीच पूर्ण सपाट नसतो, मध्ये द्रावण जास्त आणि कडेला कमी राहतं.

बाजूची उंची ७ ते ८ सेंमी पुरते. हलवताना लाट उठते, तेवढी जागा हवी. त्याहून उंच केली तर फिल्म काढताना मनगटं कडेवर घासतात आणि ट्रे धुणं जिकिरीचं होतं.

तळ कसा हवा

माझ्या पहिल्या सहा निगेटिव्ह तळामुळे गेल्या.

कागदी प्रिंटसाठीच्या तयार ट्रेला तळाशी उंचवटे किंवा नाळी असतात. प्रिंट तळाला चिकटू नये आणि खालून द्रावण फिरावं म्हणून त्या ठेवतात, कागदासाठी ते योग्यच आहे. पण एक्स-रे फिल्मला सहसा दोन्ही बाजूंना इमल्शन, म्हणजे चित्र उमटणारा थर, असतं आणि ओलं झालं की ते सायीसारखं मऊ पडतं. उंचवट्यांच्या ट्रेमध्ये ती फिल्म पाच मिनिटं हलवली की खालच्या बाजूला समांतर रेघा उठतात. मी आधी त्या लेन्सच्या माथी मारल्या. मग निगेटिव्ह ट्रेवर आडवी धरून पाहिली, तर रेघांमधलं अंतर तळाच्या नाळींशी तंतोतंत जुळलं.

फिल्मसाठी तळ गुळगुळीत आणि सपाटच हवा. तो तसा नसेल तर आत काच घाला : ४ मिमी जाडीची साधी काच, ट्रेच्या आतल्या मापापेक्षा दोन सेंटिमीटरने लहान, चारही कडा मशीनवर पॉलिश केलेल्या आणि कोपरे किंचित गोल केलेले. काचवाला ‘एज पॉलिश’ म्हटलं की समजतो. कडा नुसती घासून देतो म्हणाला तर नको म्हणा, बोटही कापेल आणि फिल्मही. ४०×४८ सेंमीची अशी काच दोन किलोच्या आत भरते.

काचेचा एक उपद्रव आहे. ओली फिल्म तिला चिकटून बसते. नखाने खरवडून उचलायला गेलात तर कोपऱ्यावर चंद्रकोर उमटलीच म्हणून समजा. त्यापेक्षा ट्रेची एक बाजू वर करा, द्रावण दुसरीकडे जातं, मग परत खाली सोडा. येणारी लाट फिल्मखाली शिरते आणि तीच फिल्म उचलून देते.

कोणता धातू घेऊ नये

पत्र्याचा, म्हणजे जस्त चढवलेला ट्रे नको. जस्त आम्लातही विरघळतं आणि अल्कलीतही, त्यामुळे डेव्हलपर आणि फिक्सर दोन्ही नासतात. ॲल्युमिनियमचं भांडं सोडा कार्बोनेट असलेल्या डेव्हलपरमध्ये बुडबुडे सोडत झिजतं. तांबं-पितळ तर डेव्हलपरजवळसुद्धा नको, तांब्याचा अंश द्रावणात गेला तरी फिल्मवर फॉग, म्हणजे सगळीकडे करडेपणा, येतो. तांबट लेनमधून जाताना त्या घडीव पराती पाहून माझा हात दर वेळी शिवशिवतो, पण त्या पुरणाला ठेवाव्यात.

बंद पडलेल्या स्टुडिओंतून कधीकधी पांढरे एनॅमलचे जुने ट्रे निघतात. सुंदर असतात. घेण्याआधी उजेडात कोपरे नीट बघा. एनॅमलचा टवका उडून काळा ठिपका दिसत असेल तर आतलं लोखंड उघडं पडलं आहे आणि ते गंजणार. असा ट्रे पाण्याने धुण्यासाठी ठेवा, डेव्हलपर त्यात नको.

तयार काय मिळतं

८×१० साठी काही शोधायची गरज नाही, प्लास्टिकच्या दुकानातला कुठलाही सपाट ट्रे चालतो. तळाशी त्रिकोणी खूण आणि त्यात आकडा असतो, तो पाहायचा : २ म्हणजे एचडीपीई, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. हे दोन्ही आपल्या कामाच्या सगळ्या रसायनांना पुरून उरतात.

११×१४ पासून १६×२० पर्यंत मात्र केटरिंगवाल्यांकडे जा. बुफेमध्ये चेफिंग डिशच्या आत जो चौकोनी स्टीलचा पॅन असतो, त्याचं माप जगभर ठरलेलं आहे. पूर्ण पॅन ५३×३२.५ सेंमी, आणि त्याच्या दुप्पट ६५×५३ सेंमी. त्याला जीएन पॅन म्हणतात, दुप्पटला ‘टू बाय वन’. ही मापं बाहेरच्या काठापर्यंतची असतात, आतला तळ प्रत्येक बाजूने दीड-दोन सेंटिमीटर कमी भरतो. छोट्या पॅनमध्ये ११×१४ जेमतेम बसते. १२×२० साठीही चालेल असं कागदावर वाटतं, पण तळाशी बसत नाही. मी फिल्मच्या मापाचा पुठ्ठा कापून दुकानात नेला होता म्हणून वाचलो. तुम्हीही पुठ्ठा न्या. टू बाय वनमध्ये १४×१७ आणि १६×२० दोन्ही बसतात. साडेसहा सेंटिमीटर खोलीचा घ्या, त्याहून खोल नको.

२०×२४ त्यातही बसत नाही. तिथून पुढे करून घेणं आलं.

शेततळ्याच्या कागदाचा ट्रे

हा माझा आवडता. खर्च सगळ्यात कमी, रविवारी सकाळी सुरू केला तर संध्याकाळी पाण्याने भरून ठेवता येतो.

दिंडोरी, निफाड, पिंपळगाव भागात शेततळं नाही असा द्राक्षबागायतदार विरळा. त्या तळ्यांत जो काळा प्लास्टिकचा कागद अंथरतात तो ५०० मायक्रॉनचा, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाड. एचडीपीई असल्याने आम्ल-अल्कलीचं त्याला काही वाटत नाही, आणि वर्षानुवर्षं उन्हात टिकेल असाच बनवलेला असतो, आपल्या अंधाऱ्या खोलीत तर त्याला आरामच. तळं अंथरून झाल्यावर कडेचे तुकडे उरतात. मला एका ओळखीच्या शेतकऱ्याने शेडच्या पत्र्यावर दगड ठेवून दाबलेला तुकडा काढून दिला, पैसे घेतले नाहीत, एक प्रिंट मात्र मागून घेतली.

दोन प्रकारचा कागद मिळतो. एक पूर्ण गुळगुळीत, दुसरा विणलेल्या पट्ट्यांवर थर दिलेला, ताडपत्रीसारखा. गुळगुळीत घ्या. विणलेल्याच्या तळावर जाळीची नक्षी असते, ती फिल्मला ओरखडते. शिवाय कापलेल्या कडेतून द्रावण आत झिरपतं.

आता १४×१७ च्या ट्रेचं काम. आतलं माप ४२×५०, उंची साडेसात सेंमी.

पॅकिंगच्या पाइनच्या पट्ट्या घ्या, दोन सेंमी जाड आणि साडेसात सेंमी रुंद. दोन पट्ट्या ५४ सेंमीच्या, दोन ४२ सेंमीच्या. छोट्या पट्ट्या लांब पट्ट्यांच्या मध्ये बसवल्या की आतलं माप बरोबर येतं. खाली १२ मिमी प्लायचा ५४×४६ सेंमीचा तुकडा. प्लाय पाण्याला टिकणारा घ्या, शिक्का पाहून : आयएस ७१० म्हणजे मरीन, तो उत्तम. साधा प्लाय घेतला तर कडेने पाणी पिऊन वर्षभरात फुगतो आणि तळाचा सपाटपणा गेला की ट्रे गेला.

सांध्यांना फेविकॉल आणि स्क्रू दोन्ही. स्क्रू खालून आणि बाहेरून मारा, आतल्या बाजूला एकाचंही टोक किंवा डोकं येता कामा नये. मग आतून हात फिरवा. डोळ्यांनी बघून भागत नाही, तळहात फिरवायचा. जिथे टोचेल तिथे कागद फाटेल. सगळीकडे पॉलिश पेपर मारा, वरच्या कडाही गोल करा. लाकडाला बाहेरून दोन हात वॉर्निश किंवा ऑइलपेंट द्या.

कागद कापायचं माप : तळ, अधिक दोन्ही बाजूंची उंची, अधिक कडेची जाडी, अधिक बाहेरून खाली चार सेंमी. एका दिशेला ६९, दुसऱ्या दिशेला ७७ येतं. हाताशी थोडं राहावं म्हणून ७२×८० कापा. हा कागद ताठ असतो, थंडीत तर पापडासारखा. तासभर कडक उन्हात पसरून ठेवला की मऊ पडतो. तेवढ्यात चहा घ्या.

कोपऱ्यावर कात्री चालवायची नाही. पत्रावळीचा द्रोण जसा न कापता नुसत्या घडीने उभा राहतो तसंच इथे करायचं. कागद मध्यभागापासून दाबत तळाला बसवा, अंगठ्याने चारही खालच्या कडा पक्क्या करा. कोपऱ्यात जास्तीचा कागद कानासारखा उभा राहतो. तो कान कागदाच्या मागे, म्हणजे कागद आणि लाकूड यांच्या मध्ये, छोट्या पट्टीच्या बाजूला आडवा घडी करून सरकवा. आतून कोपरा साफ दिसतो, द्रावण अडकायला फट राहत नाही. एक कोपरा झाला की समोरासमोरचा घ्या, मग उरलेले दोन. ओळीने चार करत गेलात तर चौथ्या कोपऱ्यात सगळी सुरकुती गोळा होते. माझी झाली होती.

कागद कडेवरून बाहेर वळवा आणि बाहेरच्या बाजूलाच स्टेपल गनने पिना मारा, दर चार सेंटिमीटरला एक. पीन कधीही द्रावणाच्या पातळीच्या आत नको. वरून ॲल्युमिनियमची किंवा लाकडाची पातळ पट्टी ठोकली तर दिसायलाही बरं.

आत सिलिकॉन लावून गळती थांबवू असं कुणी सुचवेल. सिलिकॉन पॉलिथिनला धरत नाही, सालीसारखं निघून येतं. या ट्रेला सांधाच नसल्यामुळे त्याची गरजही पडत नाही.

तळाशी थोड्या लाटा राहतातच. वर सांगितलेली काच आत ठेवा. कागद काळा आणि वर काच, त्यामुळे लाल सेफलाइटमध्ये, म्हणजे फिल्म न बिघडवणाऱ्या डार्करूमच्या दिव्यात, निगेटिव्ह उठताना छान दिसते, हा फायदा मी आधी धरला नव्हता.

प्लेटिंगवाल्यांचं पॉलिप्रॉपिलीन

ज्याला आयुष्यभराचा एकच संच करून घ्यायचा आहे त्याने अंबड किंवा सातपूर एमआयडीसी गाठावी. इलेक्ट्रोप्लेटिंगच्या टाक्या पॉलिप्रॉपिलीनच्या शीटपासून बनतात. शीट कापून, गरम हवेच्या गनने त्याच प्लास्टिकची कांडी वितळवत सांधे भरतात. बोलीत ‘पीपी वेल्डिंग’. पीपीला कुठलाही साधा गोंद धरत नाही म्हणून ही पद्धत, आणि नीट केलेला सांधा चांगला दणकट असतो.

मी कागदावर आकृती काढून नेली होती. शेडमधल्या कारागिराने ती पाहण्याआधीच विचारलं, “आत काय येणार? ॲसिड का अल्कली?”

इतक्या महिन्यांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. म्हटलं, “दादा, एकात अल्कली, दोनात हलकं ॲसिड.”

“टेंपरेचर?”

“वीस.”

तो हसला. त्याच्या टाक्या उकळत्या चहाच्या आसपास चालतात. “मग सहा एमएम पुरे. आमच्या दृष्टीनं हा खेळणाच आहे.”

त्याला चार गोष्टी सांगून ठेवा, आकृतीवर लिहून द्या. एक, तळ एकाच अखंड शीटचा, मध्ये जोड नको. दोन, आतल्या बाजूचा वेल्ड तासून गुळगुळीत करून द्यायचा, कांडीच्या रेघा फिल्मला लागतात. तीन, एका कोपऱ्याला ओतायची चोच, काठ तिथे थोडा बाहेर झुकवलेला. चार, दोन लांब बाजूंच्या काठाला बाहेरून पट्टी वेल्ड केलेली, तीच पकड. शीट ८×४ फुटांची येते, त्यामुळे एक ट्रे सांगण्यापेक्षा तीन-चार एकदम सांगितले तर कापणीत वाया कमी जातं. एकट्याला जड जात असेल तर आणखी एखादा मित्र धरा. नाशकात मोठ्या फिल्मवर काम करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, पण सायनोटाइप आणि स्क्रीन प्रिंटिंग करणाऱ्यांनाही असे ट्रे हवे असतात.

वेल्डच्या उष्णतेने तळ किंचित पोट काढतो. घेताना तिथेच सपाट लादीवर ठेवून, आत कपभर पाणी ओतून बघा. पाणी एका कोपऱ्यात पळालं तर तिथल्या तिथे परत द्या.

स्टील

स्टीलचे ट्रे देखणे, धुवायला सोपे, आणि बाहेरून पाण्याची थंडी-ऊब लगेच आत पोचवतात. पण ‘स्टील’ एवढं सांगून भागत नाही. भांड्यांत सर्रास २०० मालिकेतलं स्वस्त स्टील येतं. लोहचुंबक लावून कळेल असं बरेच जण सांगतात, त्यावर विसंबू नका. २०२, ३०४ आणि ३१६ तिन्ही चुंबकाला जवळपास दाद देत नाहीत. डेव्हलपरला ३०४ चालतं. फिक्सरला मात्र ३१६ घ्या, त्यात दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि त्यामुळे टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडायचं प्रमाण खूप कमी होतं. आम्लधर्मी, चांदी उतरलेला फिक्सर ३०४ वर रात्रभर ठेवत गेलात की कालांतराने ते खड्डे दिसू लागतात.

३१६ कुठे मिळेल? औषध कंपन्यांची कामं करणाऱ्या फॅब्रिकेटरकडे. फार्मामध्ये ३१६ एल हे रोजचं स्टील आहे, त्यांच्याकडे कटपीस पडलेले असतात. वायनरीच्या टाक्या करणारेही विचारायला हरकत नाही. शंका आली तर मॉलिब्डेनमची टेस्ट करायला सांगा, थेंब टाकून रंग पाहायचा एवढंच असतं आणि चांगल्या दुकानात ते किट असतं.

स्टील किलोवर मिळतं म्हणून वजन आधी काढून जा. ५७×६७ चा ट्रे, ८ सेंमी उंची, दीड सेंमी काठ बाहेर वळवलेला, १ मिमी पत्रा : उघडा पत्रा ७६×८६ सेंमीचा, वजन साधारण सव्वापाच किलो. बेंडिंग आणि कोपऱ्यांचं आर्गन वेल्डिंग वेगळं. कोपरे आतून बफ करून घ्या. निचऱ्याला व्हॉल्व्ह लावायचा असेल तर पितळी लावू नका, कारण वर आलंच आहे. यूपीव्हीसीचा बॉल व्हॉल्व्ह लावा.

ॲक्रिलिक : माझं न ऐकता करायचंच असेल तर

ॲक्रिलिकचा ट्रे मी सगळ्यात आधी करून घेतला, १६×२० साठी, ४ मिमीचा, नेमप्लेटवाल्याकडून. लेझरने कापलेला, क्लोरोफॉर्मने जोडलेला, काचेसारखा चकचकीत. महिनाभर छान चालला. मग एका रात्री फिक्सर भरलेला ट्रे मी दोन टोकांना धरून उचलला, तळाने झोळी केली आणि एका बाजूचा सांधा कुरकुर न करता उघडला. सहा लिटर हायपो इंदिरानगरच्या फ्लॅटच्या फरशीवर, तिथून बाथरूमच्या उंबऱ्यावरून पलीकडे. खालच्या मजल्यावरच्या काकू सकाळी वर आल्या आणि म्हणाल्या, “अरे, आमच्या छतातून लोणच्याचा वास येतोय.” छताचा रंग मी माझ्या खर्चाने लावून दिला.

चूक मटेरियलपेक्षा कामात होती. लेझरने कापलेल्या कडेत ताण राहतो आणि क्लोरोफॉर्म लागला की तिथे केसांसारख्या बारीक भेगा जातात. सांधायच्या कडा करवतीने कापून, तासून घेतल्या तर सांधा टिकतो. तळ ६ मिमीचा घ्या, आतल्या प्रत्येक सांध्यात त्रिकोणी पट्टी चिकटवून घ्या, आणि ट्रे कायम प्लायच्या फळीवर ठेवा. क्लोरोफॉर्मचं काम घरात, बंद खोलीत अजिबात नको. आणि भरलेला ट्रे उचलायचा नसतो, कुठल्याही मटेरियलचा. मगने किंवा छोट्या पंपाने आधी रिकामा करा.

वापरण्याआधीच्या दोन चाचण्या

पहिली गळतीची. ट्रे वर्तमानपत्रावर ठेवा, वापरणार त्याच्या दुप्पट पाणी भरा, रात्रभर सोडा. सकाळी कागद ओला झाला असेल तर डाग कुठे आहे त्यावरून सांधा सापडतो.

दुसरी चाचणी बरेच जण करत नाहीत. ट्रे नवा असताना त्यात थोडा डेव्हलपर तीन-चार तास ठेवा, तेवढाच डेव्हलपर काचेच्या भांड्यात. दोन्ही सारखे झाका. मग अंधारातच, उजेड न लागलेल्या फिल्मची एक-एक पट्टी दोन्हींत सारखाच वेळ धुवा, फिक्स करा, पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवा. ट्रेमधली पट्टी जास्त करडी दिसली तर त्या मटेरियलमधून किंवा रंगातून काहीतरी सुटतं आहे. माझ्या एका लाकडी ट्रेच्या आत मी हौसेने ऑइलपेंट दिला होता, तो याच चाचणीत नापास झाला.

एकच ट्रे असेल तर

आपल्या घरांत २०×२४ चे चार ट्रे ओळीने मांडायला जागा असते कुठे? स्लॉटेड अँगलच्या रॅकवर ते एकावर एक ठेवता येतात, वरच्या खणात डेव्हलपर, खाली स्टॉप (डेव्हलपरचं काम थांबवणारं द्रावण), त्याखाली फिक्सर. दोन खणांत निदान ३५ सेंमी अंतर ठेवा, नाहीतर फिल्म तिरकी काढताना कोपरा दुमडतो. वरचा ट्रे गळाला तर खालचे नासतात, म्हणून वर फिक्सर कधीही नको.

नाहीतर एकाच ट्रेमध्ये सगळं करा. फिल्म आतच राहते, द्रावणं ओतायची आणि काढायची. क्रम असा : एक-दोन मिनिटं साधं पाणी, मग डेव्हलपर, स्टॉप, फिक्सर, धुणं. याला चोच चांगली हवी आणि ओतायला रुंद तोंडाचा मग हवा, म्हणजे सगळं द्रावण तीन-चार सेकंदांत फिल्मवर पसरतं. हळू ओतलं तर पहिल्या लाटेची कड निगेटिव्हवर कायमची उमटते. डेव्हलपिंगचा वेळ पाच मिनिटांच्या वर राहील इतका डेव्हलपर पातळ ठेवा, मग ओतताना गेलेले सेकंद जाणवत नाहीत.

हलवायचं कसं? ट्रेच्या मध्याखाली एक इंची पीव्हीसी पाइपचा उभा चिरलेला अर्धा तुकडा पालथा ठेवला की ट्रे सी-सॉसारखा डुलतो. फक्त एकाच दिशेने डुलवत राहू नका, लाटेचे पट्टे येतात. मी चार वेळा डावीकडून उजवीकडे, मग ट्रे पाइपवर फिरवून चार वेळा समोरून मागे, असं करतो. दोन्हीकडे इमल्शन असलेली फिल्म दर मिनिटाला उलटवायची. नायट्राइलचे हातमोजे घाला, मेटॉलची ॲलर्जी एकदा सुरू झाली की पाठ सोडत नाही.

उथळ, पसरट ट्रेमधलं द्रावण खोलीच्या तापमानाला फार लवकर येतं. डिसेंबरात पहाटे नळाचं पाणी हात बधीर करतं, मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी आंघोळीलाही नको वाटतं. तक्त्यांतले वेळ बहुधा २० अंशाचे असतात. उन्हाळ्यात ट्रेखाली त्याहून मोठा ट्रे घ्या, त्यात पाणी आणि फ्रीजरमध्ये गोठवलेल्या दोन बाटल्या. स्टीलच्या ट्रेला ही युक्ती लगेच लागू पडते, पीपीला वीस-पंचवीस मिनिटं आधी ठेवावं लागतं, काच घातलेल्या लाकडी ट्रेला तर उपयोगच नाही. म्हणून एप्रिल-मेमध्ये मी लाकडी ट्रे फक्त धुण्यासाठी ठेवतो आणि काम रात्री अकरानंतर करतो.

वापरून झाल्यावर

एकाहून जास्त ट्रे असतील तर प्रत्येकाचं काम ठरलेलं असू द्या आणि ते काठावर ऑइलपेंटने मोठं लिहा : डे, स्टॉ, हा. लाल उजेडात लाल अक्षरं दिसत नाहीत, हे मी एकदा लिहून झाल्यावर शिकलो. काळ्यावर पांढरी लिहा. फिक्सरच्या ट्रेमध्ये डेव्हलपर कधीच नको.

डेव्हलपरच्या ट्रेला तपकिरी डाग पडतात, त्याने काही बिघडत नाही. तारेची घासणी मात्र कुठल्याही ट्रेला लावू नका, तिचे ओरखडे तळावर राहतात आणि पुढच्या फिल्मवर उमटतात. स्पंज आणि भरपूर पाणी. ट्रे उभे, भिंतीला टेकवून वाळवा. मोठे पीपीचे ट्रे आडवे, एकावर एक वजन ठेवून साठवले तर उन्हाळ्यात वाकतात.

वापरलेल्या हायपोमध्ये चांदी असते, तो गटारात आणि तिथून गोदावरीत सोडायचा नाही. झाकणाच्या कॅनमध्ये साठवा. एक्स-रे लॅबचा हायपो गोळा करणारे लोक असतात, लॅबमध्ये विचारलं की पत्ता लागतो. थोडाच असेल तर कॅनमध्ये लोखंडी स्टीलवूल टाकून आठवडाभर ठेवा, लोखंड विरघळतं आणि चांदी काळ्या गाळाच्या रूपात खाली बसते. माझा वीस लिटरचा कॅन बाल्कनीत तुळशीपासून लांबच्या कोपऱ्यात असतो आणि त्यावर कवटीचं चित्र काढलेलं आहे. ते मुलीने काढलं, खाली ‘बाबांचं लोणचं’ असंही लिहिलंय.